आधी बुरशी, मग नागली

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत ठिबकच्या टाकीत ट्रायकोडर्मा सोडणारे हात बहुतेक वेळा बागायतदाराचे नसतात. भात-नागलीची कापणी उरकून डोंगरातल्या पेठ-सुरगाण्याहून कामाला उतरलेल्या मजुरांचे असतात. हिरवट भुकटी, थोडा गूळ, पाणी, रात्रभर भिजवण आणि सकाळी मुळाशी. मातीतल्या रोगकारक बुरशीवर ही बुरशी तुटून पडते, तिची भिंत विरघळवते आणि तिच्यावर जगते. द्राक्षपट्ट्यात हे नाव आता युरियाइतकंच सरावाचं झालं आहे.

तीच भिंत खाण्याची ताकद जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एका वेगळ्याच कामाला जुंपलेली आहे. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती सेल्युलोजची भिंत असते. ती काढून टाकली की आत उरतो नाजूक पापुद्र्यात बांधलेला जिवंत गोळा. त्याला प्रोटोप्लास्ट म्हणतात. भिंत काढण्यासाठी बाटलीत जे विकर वापरतात, त्यातलं सर्वांत प्रसिद्ध सेल्युलेज ट्रायकोडर्मा विरिडेपासूनच काढलेलं असतं. या बुरशीच्या घराण्याची ख्याती झाली तीही मजेशीरच. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकन लष्कराचे तंबू आणि कापडी सामान कुजू लागलं. कुजवणारी बुरशी कोणती, याचा तपास सुरू झाला, आणि त्यातून हाती लागलेली ट्रायकोडर्मा पुढे सेल्युलेजची जगातली सर्वांत मोठी कारखानदार ठरली.

पेठच्या संदर्भात प्रोटोप्लास्टचा विषय काढला की लोक दोनच गोष्टी विचारतात. नागलीचं उत्पादन वाढेल का, आणि बियाणं पुन्हा कंपनीच्या हातात जाईल का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण दोन्ही पिकाकडे बघून विचारलेले आहेत. माझं म्हणणं असं की, पेठसारख्या तालुक्याला या तंत्राचा पहिला उपयोग पिकाच्या पेशीतून नव्हे, बुरशीच्या पेशीतून होईल. सार्वजनिक पैसा आणि सार्वजनिक डोकी आधी तिकडे लागली पाहिजेत.

आधी पिकाची बाजू पाहू, कारण सगळा गाजावाजा तिथेच झाला. भिंत नसलेल्या पेशी यांत्रिक पद्धतीने, म्हणजे कापून बाहेर काढण्याचं काम १८९२ मध्येच झालं होतं, पण हाती पडत मोजक्याच. १९६० मध्ये नॉटिंगहॅमच्या एडवर्ड कॉकिंग यांनी टोमॅटोच्या मुळांच्या टोकांवर बुरशीचं विकर घालून त्या ढीगभर मिळवल्या. १९७१ मध्ये तंबाखूच्या पानातल्या अशा एकेका उघड्या पेशीपासून पूर्ण रोप उभं राहिलं. त्याच्या पुढच्याच वर्षी तंबाखूच्या दोन जातींच्या पेशी एकमेकींत मिसळून संकर तयार झाला, ना फूल ना परागकण. १९७४ मध्ये पॉलिइथिलीन ग्लायकॉल या साध्या रसायनाने पेशी एकमेकींना चिकटवून एकजीव करता येतात हे कळलं, आणि १९७८ मध्ये जर्मनीत बटाटा आणि टोमॅटो यांचं एकत्र रोप निघालं. वरती टोमॅटो, खाली बटाटे अशी चित्रं तेव्हा वर्तमानपत्रांनी छापली. प्रत्यक्षात त्या रोपाने ना धड टोमॅटो दिले, ना धड बटाटे.

प्रयोगशाळेतलं हे काम जवळून पाहिलं की त्याचा रोमान्स उतरतो आणि आदर वाढतो. कोवळं पान धारदार पात्याने अर्धा-एक मिलिमीटरच्या पट्ट्यांत कापायचं. पातं बोथट झालं की पेशी चिरडतात, म्हणून थोड्या थोड्या वेळाने पातं बदलायचं. पट्ट्या मॅनिटॉलच्या द्रावणात टाकायच्या, कारण भिंत गेल्यावर साध्या पाण्यात हा गोळा पाणी पिऊन फुटतो. विकर घातलेलं भांडं तीन-चार तास अंधारात, अगदी हळू हलवत ठेवायचं. मग बारीक नायलॉनच्या जाळीतून गाळायचं. पिपेटचं टोक कात्रीने कापून रुंद करायचं, नाहीतर अरुंद तोंडातून जातानाच पेशी फाटतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात त्या एकसारख्या गोल, आत हिरव्या ठिपक्यांनी भरलेल्या पेशी. मूळ पानातल्या लांबट, कोनदार पेशींशी त्यांचं काही साम्य उरत नाही. त्यात बाहेरचा डीएनए किंवा जनुक कापणारं प्रथिन घातलं तर दोन दिवसांत कळतं की ते काम करतंय की नाही. ही दोन दिवसांची चाचणी प्रोटोप्लास्टची खरी, रोजच्या कामाची किंमत आहे. संपूर्ण रोप उभं करून उत्तर शोधायचं तर त्याला महिने लागतात.

अडतं ते पुढे. त्या गोळ्याने पुन्हा भिंत बांधावी, विभागावं, पेशींचा पुंजका व्हावा, पुंजक्यातून कोंब फुटावा, कोंबाला मूळ यावं आणि रोप वांझ निघू नये. तंबाखू हे सगळं हसतखेळत करते. तृणधान्यं करत नाहीत. बाजरीच्या प्रोटोप्लास्टपासून रोपटी मिळाली १९८० मध्ये, वासिल दांपत्याच्या फ्लोरिडातल्या प्रयोगशाळेत. भाताला १९८५ पर्यंत थांबावं लागलं. कोद्र्यावर भारतीय संशोधकांनी १९९१ च्या सुमारास ते साधलं. प्रत्येक पिकात, आणि पुष्कळदा त्या पिकाच्या प्रत्येक वाणात, माध्यमातली संप्रेरकं, साखर, उजेड, पेशींची घनता हे सगळं नव्याने जुळवावं लागतं. ते जुळवणारा माणूस संशोधक असण्यापेक्षा कारागीर असतो. त्याच्या कामावर चटकन निबंध निघत नाही, म्हणून निधीही निघत नाही. जनुक कापणारी कात्री, म्हणजे क्रिस्पर, हिच्या नावाने परिषदा भरतात. कापलेल्या पेशीपासून रोप उभं करणाऱ्याचं नाव आभारांच्या यादीत जातं. ही उतरंड मला चुकीची वाटते, आणि नागली-वरईसारख्या पिकांचं नुकसान तीच करते. त्यांच्या वाट्याला कारागीर येतच नाहीत.

मग नागलीसाठी प्रोटोप्लास्टमधून नवं बियाणं काढावं का? इथे थोडं खोलात जायला हवं. ४ मे २०२५ रोजी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. सांबा मसुरीपासून केलेला डीआरआर धान १००, ज्याला कमला म्हणतात, आणि एमटीयू १०१० पासून केलेला पुसा डीएसटी राइस १. अशा कामात साधारणपणे कात्रीचं जनुक आधी पेशीत शिरवतात, कापायचं ते कापून घेतात आणि पुढच्या पिढीत ज्या रोपांत कात्री उरलेली नाही ती निवडतात. भात स्वतःच्याच परागाने फळतो, त्यामुळे दोन-तीन पिढ्यांत ही चाळणी लागते. नागलीही स्वपरागी आहे. तिला हाच मार्ग पुरतो. प्रोटोप्लास्टमधून रोप उभं करण्याची घाई तिच्या बाबतीत नाही. तिथे दोन दिवसांची चाचणी एवढंच काम मागावं.

द्राक्षाचं तसं नाही. द्राक्ष काडीने लावतात. बियांतून पिढी वाढवली की वाणच हरवतो. थॉमसन हा वाण मग थॉमसन राहत नाही. त्यामुळे आत शिरलेली कात्री चाळून काढायला पिढीच मिळत नाही. अशा पिकासाठी प्रोटोप्लास्टला पर्याय जवळजवळ नाही. उघड्या पेशीत कात्रीचं तयार प्रथिन घालायचं, ते काम करून काही तासांत विरघळून जातं, डीएनए आत जातच नाही. २०१५ मध्ये कोरियाच्या संशोधकांनी भात, तंबाखू, लेट्यूस यांच्या प्रोटोप्लास्टमध्ये हे करून दाखवलं. सप्टेंबर २०२४ मध्ये इटलीत व्हेरोनाजवळच्या व्हाल्पोलिचेला भागात शार्डोने द्राक्षाची अशी पाच रोपं शेतात लावली गेली. डाऊनी मिल्ड्यू या रोगाला बळी पडायला मदत करणारा त्यांचा एक जनुक निकामी केला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये रात्रीतून कोणीतरी ती रोपं उद्ध्वस्त केली.

नाशिकच्या द्राक्षवाल्याला डाऊनी म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. अवकाळी पाऊस आला की दिवसाआड फवारणी, आणि फवाऱ्याच्या मागे चालणारा माणूस पुन्हा पेठचा किंवा सुरगाण्याचा. डाऊनी सोसणारा द्राक्षवेल आला तर या मजुराच्या छातीत जाणारं औषध कमी होईल. त्याचे कामाचे दिवसही कमी होतील. हे दोन्ही एकाच वाक्यात सांगितलं नाही तर ते अर्धसत्य ठरतं. प्रोटोप्लास्टचा वनस्पतीतला सगळ्यात मोठा फायदा आज दिसतो तो सपाटीवरच्या द्राक्षाला, आणि त्याची किंमत-फायदा दोन्ही डोंगरावरच्या मजुराला लागू होतात. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने हे काम जरूर करावं. पण त्याला 'आदिवासी भागासाठी जैवतंत्रज्ञान' असं नाव देऊ नये.

कायद्याकडे येतो, कारण इथली विसंगती मला अजून पचलेली नाही. पर्यावरण कायद्याखालच्या १९८९ च्या नियमांत पेशी-संकराची वेगळी व्याख्या आहे. दोन पेशी निसर्गात न घडणाऱ्या पद्धतीने एकत्र करून नवी जिवंत पेशी घडवणं, म्हणजेच प्रोटोप्लास्ट मिसळणं, हे त्या नियमांनुसार जनुक तंत्रज्ञानातच मोडतं. दुसरीकडे ३० मार्च २०२२ च्या कार्यालयीन ज्ञापनाने, बाहेरचा जनुक शेवटी उरलेला नाही अशा जनुक-संपादित पिकांना त्याच नियमांतल्या ७ ते ११ या कलमांतून सूट दिली. युरोपात नेमकं उलटं. तिथे एकमेकांत नैसर्गिकरीत्या संकर होऊ शकणाऱ्या वनस्पतींच्या पेशी मिसळणं २००१ च्या निर्देशातून वगळलेलं आहे, पण एका अक्षराचं जनुक-संपादन त्याच निर्देशाखाली धरलं गेलं. दोघांपैकी कोण बरोबर? जोखमीच्या नजरेतून पाहिलं तर दोघांनाही नीट उत्तर देता येणार नाही.

एक उदाहरण बघा. १९६८ मध्ये जपानमध्ये ओगुरा यांना एका मुळ्यात नरवंध्यत्व सापडलं. संकरित बियाणं करणाऱ्यांना ते सोन्यासारखं होतं, कारण अशा झाडाला परागकण येत नाहीत आणि हाताने फुलांतले पुंकेसर खुडावे लागत नाहीत. ते गुणसूत्रांत नव्हतं, पेशीद्रवातल्या सूत्रकणिकांत होतं. नेहमीच्या संकराने ते कोबीवर्गीय पिकांत आणलं, पण त्याबरोबर मुळ्याच्या हरितकणिकाही आल्या आणि थंडीत पानं पिवळी पडू लागली. फ्रान्समध्ये पेल्तिए यांच्या गटाने १९८३ मध्ये प्रोटोप्लास्ट मिसळून ही गाठ सोडवली. सूत्रकणिका मुळ्याच्या ठेवल्या, हरितकणिका कोबीवर्गीय पिकाच्या घेतल्या. आज जगभरच्या कोबी, फ्लॉवर, ब्रोकोलीच्या कितीतरी संकरित वाणांत ही कारागिरी आहे. युरोपातल्या डेमेटर, बायोलँड यांसारख्या सेंद्रिय संघटनांनी असे वाण नाकारले आहेत. त्यांचा आक्षेप मला पटत नाही, पण त्यांनी निदान प्रश्न विचारला. आपल्याकडे एका बाजूला 'जीएम नको' अशी घोषणा देणारा माणूस दुसऱ्या हाताने कोणत्या पेशीतली कोबी खातोय, हे त्याला माहीत नसतं, आणि विकणाऱ्याला सांगावं लागत नाही.

तंत्र कुठलंही असो, पेठच्या शेतकऱ्याला महत्त्वाचा प्रश्न आहे तो बियाण्याच्या मालकीचा. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचं बी ठेवायचा, पेरायचा, बदलायचा आणि ब्रँड न लावता विकायचाही हक्क दिला आहे, आणि गावठी वाण नोंदवायचाही. पेठच्या वरकस उतारावर नागली, वरई, खुरासणी, उडीद यांचे गावोगाव वेगळे वाण आहेत. राब भाजून रोपं करायची, चिखलात आवणी करायची, आणि चांगली कणसं बाजूला काढून बी कणगीत ठेवायचं, ही निवड करणाऱ्या बहुधा बायाच असतात. शेजारच्या जव्हारमध्ये बाएफ या संस्थेने स्थानिक वाणांची बियाणे बँक उभी केली. २०२२ मध्ये राज्य सरकारने महाराष्ट्र जनुक कोशाला मान्यता दिली. एखादा वाण प्रयोगशाळेत नेऊन त्यात बदल करायचा असेल, तर मूळ वाण कोणत्या गावाचा हे आधी नोंदवलं पाहिजे. संपादित वाणावर मग काहीही हक्क लागो, मूळ वाणावर शेतकऱ्याचाच राहायला हवा. क्रिस्परची मूळ पेटंटं परदेशी संस्थांकडे आहेत, हे विसरून चालणार नाही.

आता बुरशीकडे.

सूक्ष्मजीवांच्या जगात भिंत काढण्याची युक्ती वनस्पतींच्या आधीच साधली होती. १९५३ मध्ये विबुल यांनी लायसोझाइम वापरून एका जिवाणूची भिंत काढली. लायसोझाइम आपल्या अश्रूंत असतं, अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यातही असतं. १९७८ मध्ये नॉर्विचला डेव्हिड हॉपवूड यांच्या गटाने स्ट्रेप्टोमायसीज या प्रतिजैविकं देणाऱ्या जिवाणूच्या प्रोटोप्लास्टमध्ये बाहेरचा डीएनए घालून दाखवला, आणि औषधनिर्मितीच्या जनुकशास्त्राला वाट मोकळी झाली. महाराष्ट्राला हा जिवाणू परका नाही. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार यांनी मातीतून शोधलेल्या एका प्रजातीचं नावच स्ट्रेप्टोमायसीज पिंप्रिना ठेवलं. त्यातून १९६१ मध्ये हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध निघालं. त्याच संस्थेच्या ऑरिओफंगिनने पिकांवरच्या बुरशीवरही काम केलं. मातीतला जीव शोधायचा, ओळखायचा आणि कामाला लावायचा, ही परंपरा सरकारी संस्थेत, पुण्याच्या वेशीवर होती. ती पुढे नीट जोपासली गेली असती तर आजचं अर्धं चित्र वेगळं दिसलं असतं.

ट्रायकोडर्माचंच घ्या. कॉर्नेलच्या गॅरी हर्मन यांच्या गटाने १९८० च्या दशकात ट्रायकोडर्मा हार्झियानमचे दोन वेगळे ताण, म्हणजे स्ट्रेन, निवडले. एकाचं मूळ कोलंबियाच्या मातीत होतं आणि तो मुळाभोवती चांगला टिकत असे. दुसरा न्यूयॉर्कचा. दोघांचे प्रोटोप्लास्ट मिसळून जी संतती मिळाली, त्यातला एक ताण टी-२२ नावाने जगभर विकला गेला. गंमत म्हणजे संतती दोन्ही पालकांचं समसमान मिश्रण निघाली नाही. कित्येकांत दुसऱ्या पालकाचा माग लागेना. मिसळणं म्हणजे बेरीज नव्हे, हा धडा त्या शास्त्रज्ञांनी प्रामाणिकपणे छापून टाकला. पण कामाचा ताण मिळाला, आणि तो मिळण्यासाठी रोप वाढवण्याची वाट पाहावी लागली नाही. बुरशीचा प्रोटोप्लास्ट आठवड्याभरात पुन्हा वाढू लागतो. तृणधान्याची अडचण इथे नाही, आणि म्हणूनच खर्च आवाक्यात राहतो.

नागलीचा मोठा शत्रू करपा आहे. कणसाच्या मानेवर आला की वरचं कणीस पांढरं पडतं, दाणे पोकळ राहतात, आणि पेठच्या धुक्या-पावसात तो कधी गाठेल याचा नेम नसतो. हा करपा आणि भाताचा करपा एकाच घराण्याच्या बुरशीचे आहेत. १९८७ पासून तिच्या प्रोटोप्लास्टमध्ये डीएनए घालता येतो, म्हणजे एकेक जनुक बंद करून तो रोग पसरवायला लागतो का, हे तपासता येतं. ही बुरशी कोणत्या गवतावर बसेल ते ठरवणाऱ्या जनुकांपैकी एक नागलीवरच्या बुरशीतूनच सापडलं. करप्याच्या बुरशीची भिंत विरघळवायला जे विकर वापरतात, ते अनेकदा ट्रायकोडर्मा हार्झियानमचंच असतं. द्राक्षाच्या मुळाशी जी लढाई होते, तीच इथे काचेच्या नळीत केली जाते.

पेठच्या उतारांवर करप्याच्या बुरशीचे किती प्रकार आहेत, कुठल्या गावठी वाणाला कोणता प्रकार लागतो आणि कोणता वाण सोसतो, हे कळलं तर वाणात बदल न करताही निवड सुधारता येते. कोणत्या पाड्याने कोणतं बी पुढच्या वर्षी ठेवावं, एवढं सांगता आलं तरी पुष्कळ आहे. शिवाय पेठच्याच मातीत टिकणारी ट्रायकोडर्मा शोधून तिचा ताण सुधारता येतो. सपाटीच्या काळ्या मातीत चालणारा ताण डोंगराच्या लाल, पावसाने धुतलेल्या मातीत टिकेलच असं नाही. असा ताण शेतकरी गटाला किंवा बचतगटाला पोत्यात वाढवता येतो, पेटंटशिवाय. जनुक-संपादित नागली आली तरी तिच्यासोबत ही माहिती लागणारच आहे.

यावर एक आक्षेप मी मनापासून मान्य करतो. नागलीला आधी भाव हवा, सडणी-पाखडणीचं यंत्र हवं, रेशनमध्ये जागा हवी. २०२३ च्या भरडधान्य वर्षात भाषणं उदंड झाली. पेठच्या शेतकऱ्याच्या पोत्याला किती जास्त मिळाले, हा प्रश्न प्रोटोप्लास्टने सुटत नाही. सुटणार असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. दुसरा आक्षेप जैविक औषधांच्या बाजाराचा आहे. ट्रायकोडर्माच्या नावाखाली मेलेली भुकटी विकली जाते, हे कोणत्याही द्राक्षवाल्याकडून ऐकायला मिळेल. म्हणूनच ताण सार्वजनिक संस्थेत असावा, पोत्यात जिवंत बीजाणू किती आहेत याची तपासणी जिल्ह्यातच व्हावी आणि तिचा निकाल शेतकऱ्याला मोबाइलवर दिसावा.

इगतपुरीत विभागीय कृषी संशोधन केंद्र आहे, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं. नाशिकला मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आघारकर संशोधन संस्था आहे, जिथे बुरशी हाताळणारे हात आहेत. या सगळ्यांना एकत्र बसवून पेठ, सुरगाणा, जव्हार, मोखाडा या चार तालुक्यांतल्या करप्याच्या बुरशीचा आणि मातीतल्या ट्रायकोडर्माचा संग्रह करा. येत्या पावसाळ्यात, आवणीनंतर पानांवर आणि कणसं धरल्यावर मानेवर, नमुने गोळा करायला सुरुवात करा. प्रत्येक नमुन्यावर गावाचं आणि वाणाचं नाव लिहा, आणि निष्कर्ष आधी त्या गावात मराठीत वाचून दाखवा.